टायनी एनव्हिडिया अपडेट चेकर : ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत ठेवणारे एक छोटे मुक्तस्रोत साधन

पार्श्वभूमी

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाच्या ईशान्य टोकाचे जिल्हे. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांच्या बाजारपेठांत कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू एकाच दिवसात कानी पडतात, आणि येथील छपाईचे कामही तसेच बहुभाषिक असते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवलेले संगणक या भागात मुख्यतः फ्लेक्स-फलक तयार करणाऱ्या दुकानांत, लग्नाचे अल्बम आणि चित्रफिती संपादित करणाऱ्या स्टुडिओंत आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडे आढळतात. तांत्रिक शिक्षणाची परंपरा येथे नवी नाही, कलबुर्गीचे पी.डी.ए. अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८चे आणि बिदरचे गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय १९८०चे. या सर्व संगणकांची एक समान गरज म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. तो योग्य स्रोतातून, अनावश्यक जोडण्या वगळून मिळवण्यासाठी बनवलेल्या एका लहान साधनाची रचना, उपयोग आणि मर्यादा येथे मांडल्या आहेत.

ड्रायव्हरचे कार्य

ग्राफिक्स कार्डावरील प्रोसेसरला केवळ त्याच्या स्वतःच्या आज्ञा समजतात, आणि त्या दर पिढीत बदलतात. फोटोशॉप किंवा ब्लेंडर यांसारखा प्रोग्रॅम मात्र डायरेक्ट-एक्स, ओपन-जीएल, व्हल्कन किंवा कुडा अशा ठरीव आज्ञासंचांतून काम सांगतो. या दोहोंना जोडणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. विंडोजमध्ये त्याचे दोन भाग असतात. एक भाग मूळ प्रोग्रॅमच्या सोबत, मर्यादित अधिकारांत चालतो आणि चित्रगणिताचे रूपांतर कार्डाच्या आज्ञांत करतो. दुसरा भाग प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, राहून स्मृतीचे वाटप, कामांची रांग आणि वीजवापर सांभाळतो.

गाभ्यातला हा भाग चुकला की सगळा संगणकच कोलमडू शकतो. विंडोज व्हिस्टा नवे असताना, २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेल्या बिघाडांपैकी सुमारे २८.८ टक्के बिघाड एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशी निगडित होते. ही आकडेवारी पुढे एका न्यायालयीन दाव्यातील कागदपत्रांतून बाहेर आली. व्हिस्टातच एक संरक्षक व्यवस्थाही आली. कार्डाने साधारण दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, तो पूर्ववत झाला’ अशा अर्थाची सूचना येते ती याच व्यवस्थेची.

नव्या आवृत्त्या कशासाठी

नवे कार्ड बाजारात येते, नवा खेळ प्रसिद्ध होतो, जुनी चूक दुरुस्त होते किंवा सुरक्षेतील एखादी फट बुजवली जाते, तेव्हा ड्रायव्हरची नवी आवृत्ती निघते. एनव्हिडियाचे ग्राहकांसाठीचे ड्रायव्हर दोन प्रकारांत मिळतात. ‘गेम रेडी’ प्रकार नव्या खेळांच्या वेळापत्रकानुसार वारंवार येतो. २०१९ पासून निघणारा ‘स्टुडिओ’ प्रकार चित्रसंपादन, चित्रफीत आणि त्रिमितीय रचनेच्या प्रोग्रॅमवर अधिक तपासून, कमी वेळा दिला जातो.

नवी आवृत्ती नेहमीच चांगली असते असे नाही, आणि याचा अनुभव अनेक वापरकर्त्यांनी घेतला आहे. मार्च २०१० मध्ये १९६.७५ ही आवृत्ती काही कार्डांच्या पंख्याच्या वेगात बिघाड करत असल्यामुळे मागे घ्यावी लागली. मार्च २०१६ मध्ये ३६४.४७ आवृत्तीनंतर अनेक संगणक धड सुरूच होईनात. पंखा थांबला तर कार्ड प्रत्यक्ष जळू शकते, म्हणून पहिले उदाहरण अधिक गंभीर. सॉफ्टवेअरची चूक हार्डवेअरपर्यंत पोचू शकते अशा मोजक्या जागांपैकी ग्राफिक्स ड्रायव्हर ही एक आहे.

अधिकृत मार्ग आणि त्यातील अडचण

ड्रायव्हर मिळवण्याचे अधिकृत मार्ग तीन. विंडोज अपडेट स्वतःहून ड्रायव्हर बसवते, पण तिथली आवृत्ती बहुधा काही महिने जुनी असते. निर्मात्याच्या संकेतस्थळावर मालिका, कार्ड आणि प्रणाली निवडून संच उतरवता येतो. यात कार्डाचे नेमके नाव ठाऊक असावे लागते. तिसरा मार्ग निर्मात्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचा. जीफोर्स एक्स्पीरियन्स या जुन्या प्रोग्रॅमने २०१६ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून खाते उघडून प्रवेश करणे सक्तीचे केले. केवळ ड्रायव्हर बदलण्यासाठी ई-मेल पत्ता देणे आणि पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या सेवा सांभाळणे अनेकांना अनाठायी वाटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची जागा एनव्हिडिया ॲपने घेतली आणि खात्याची सक्ती गेली. तरी खेळाचे चित्रण, पडद्यावरील आकडे, प्रतिमा-सुधारणा अशा अनेक सोयी असलेला तो मोठा प्रोग्रॅमच आहे. चार किंवा आठ गिगाबाइट स्मृतीच्या दुकानी संगणकावर या सोयींचा उपयोग नसतो, त्यांचे ओझे मात्र असते. छोट्या साधनांची गरज नेमकी येथून निर्माण झाली.

साधनाची ओळख

टायनी एनव्हिडिया अपडेट चेकर हा विंडोजसाठीचा, सी-शार्प भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आहे. त्याचा मूळ संकेत गिटहबवर खुला असून तो जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली वितरित होतो. म्हणजे तो कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि बदललेली प्रत त्याच अटींवर पुढे देऊ शकतो. निर्मात्या कंपनीशी त्याचा संबंध नाही. काम एवढेच : संगणकातील कार्ड ओळखणे, बसवलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती वाचणे, उपलब्ध नव्या आवृत्तीशी ती ताडून पाहणे आणि हवे असल्यास नवा संच उतरवून बसवणे. काम संपले की प्रोग्रॅम बंद होतो. मागे काही चालू राहत नाही. पहिल्या वेळी तो काही पसंती विचारतो, जसे की ड्रायव्हरचा प्रकार किंवा स्थापना पूर्ण हवी की मोजकी, आणि त्या एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवतो.

कार्ड ओळखण्याची रीत

प्रत्येक पीसीआय उपकरणावर दोन क्रमांक कोरलेले असतात : निर्मात्याचा आणि उपकरणाचा. एनव्हिडियाचा निर्माता-क्रमांक १०डीई, एएमडीचा १००२, आणि इंटेलचा ८०८६. हे सर्व षोडशमान पद्धतीतले आकडे. विंडोज ही माहिती डब्ल्यूएमआय नावाच्या आपल्या माहिती-सेवेतून कोणत्याही प्रोग्रॅमला देते. ड्रायव्हर आधीच बसलेला असेल तर तेथे कार्डाचे पूर्ण नाव मिळते. ड्रायव्हर नसेल तर विंडोज ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे सामान्य नाव सांगते, आणि तेव्हा उपकरण-क्रमांकावरूनच खरी ओळख पटते.

पुढची पायरी कमी दिसणारी, पण महत्त्वाची आहे. निर्मात्याच्या सर्व्हरला कार्डाचे नाव पुरत नाही. त्याला स्वतःच्या यादीतील अंतर्गत क्रमांक लागतो. नाव आणि क्रमांक यांची सांगड घालणारी स्वतंत्र यादी स्वयंसेवी वृत्तीने सांभाळली जाते आणि साधन ती वापरते. डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांच्या नोंदी वेगळ्या असतात, कारण एकाच नावाच्या कार्डासाठी दोन्हीकडे वेगळे संच लागू शकतात. हे साधन छोटे आहे ते यामुळेच. अवघड माहिती ते स्वतः साठवत नाही. ती बाहेरून घेते आणि जोडते.

जीटी ७३० हे कार्ड या टप्प्यावरची गुंतागुंत चांगली दाखवते. जुन्या बाजारात ते सहज मिळते. मात्र या एकाच नावाने दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या. एक फर्मी पिढीतील, उपकरण-क्रमांक ०एफ०२. दुसरी नंतरच्या केप्लर पिढीतील, उपकरण-क्रमांक १२८७. फर्मीचा नियमित ड्रायव्हर-पाठिंबा २०१८ मध्ये थांबला, केप्लरचा २०२१ मध्ये. खोक्यावरचे नाव वाचून ड्रायव्हर शोधणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, आणि केवळ नावावरून जुळणी करणारी कोणतीही पद्धत अशा कार्डापाशी अडखळते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, ‘डिटेल्स’ पानावरील ‘हार्डवेअर आयडी’ या नोंदीत हा क्रमांक पाहता येतो; जुने कार्ड विकत घेण्यापूर्वीची ही सर्वांत उपयोगी तपासणी आहे.

आवृत्तीची तुलना

विंडोज ड्रायव्हरचा क्रमांक चार भागांत दाखवते, उदाहरणार्थ ३१.०.१५.३६६७. एनव्हिडिया मात्र हीच आवृत्ती ५३६.६७ म्हणून ओळखते. दोहोंतील नाते साधे आहे. विंडोजच्या क्रमांकातील ठिपके काढून शेवटचे पाच अंक घ्यायचे आणि त्यांतील तिसऱ्या अंकानंतर ठिपका द्यायचा : ५३६६७ म्हणजे ५३६.६७. साधन हेच रूपांतर करते आणि सर्व्हरकडून आलेल्या नव्या क्रमांकाशी तुलना करते. कोणताही प्रोग्रॅम न बसवता, कागदावरही हे करता येते. दुरुस्तीला आलेल्या संगणकाचा ड्रायव्हर किती जुना आहे ते यावरून काही क्षणांत कळते.

उतरवणे आणि मोजकी स्थापना

नवी आवृत्ती सापडली की तिचा क्रमांक, प्रसिद्धीची तारीख, आकार आणि बदलांची टिपणे असलेली खिडकी उघडते. तेथे स्थापना करायची, फक्त उतरवून ठेवायचे की दुर्लक्ष करायचे हा निर्णय वापरणाऱ्याचा. बदलांची टिपणे स्थापनेपूर्वी समोर येतात, ही या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट मानावी लागेल. आपल्या कार्डाविषयी त्यात काहीच नसेल तर आवृत्ती वगळण्यास तेच पुरेसे कारण आहे.

ड्रायव्हरचा संच म्हणजे प्रत्यक्षात एक दाबलेली संग्रह-फाइल असते. तिच्यात मूळ ड्रायव्हरखेरीज एचडीएमआयमार्गे आवाज पाठवणारा घटक, खेळांतील भौतिकी हाताळणारा फिजएक्स, निर्मात्याचा साथीदार प्रोग्रॅम आणि वापराची माहिती गोळा करणारे घटक असतात. मोजक्या स्थापनेचा पर्याय निवडल्यास साधन हा संग्रह सेव्हन-झिप किंवा विनरारच्या साहाय्याने उलगडते आणि आवश्यक घटकच ठेवून स्थापना चालवते. त्यामुळे डिस्कवर कमी जागा व्यापली जाते आणि मागे चालणाऱ्या सेवा घटतात. टीव्ही किंवा प्रोजेक्टरला एचडीएमआयने आवाज पाठवायचा असेल तर मात्र आवाजाचा घटक गाळून चालत नाही. सभागृहात चित्रफीत दाखवण्याचे काम घेणाऱ्या स्टुडिओला ही बाब आधीच ठाऊक असलेली बरी.

‘क्वाएट’ हा पर्याय दिला तर साधन खिडकी न उघडता तपासणी करते आणि नवी आवृत्ती असेल तरच समोर येते. विंडोजच्या टास्क शेड्यूलरला तो जोडला की ठरावीक दिवशी तपासणी आपोआप होते. तपासणी स्वयंचलित आणि स्थापना हाताने, ही वाटणी व्यवसायाच्या संगणकासाठी योग्य आहे.

डेटाचा हिशेब

ड्रायव्हरचे संच गेल्या दीड दशकात कित्येक पटींनी वाढले. २०१० च्या सुमारास ते शे-सव्वाशे मेगाबाइटच्या आसपास असत. अलीकडचे संच ६०० ते ९०० मेगाबाइटपर्यंत जातात. तालुक्याच्या गावी फायबर जोडणी असेल तर हा आकडा जाणवत नाही. खेड्यातील दुकान मात्र बऱ्याचदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते, आणि दिवसाला दीड गिगाबाइटच्या योजनेत एक संच जवळजवळ अर्धा वाटा खातो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोजकी स्थापना उतरवण्याचा आकार कमी करत नाही. पूर्ण संच आधी उतरतो, गाळणी नंतर होते. डेटा वाचतो तो अनावश्यक आवृत्त्या टाळल्याने.

डेटा वाचवण्याचा दुसरा मार्ग एनव्हिडियाच्या रचनेतच आहे. एकच संच अनेक पिढ्यांतील कार्डांना चालतो. म्हणून एका संगणकावर ‘फक्त उतरवा’ हा पर्याय वापरून मिळालेली फाइल पेन-ड्राइव्हने त्याच प्रकारच्या दहा संगणकांवर नेता येते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला किंवा दोन-तीन गावांत दुकाने असलेल्या व्यावसायिकाला ही पद्धत सर्वांत सोयीची.

कोणत्या कामाला नवा ड्रायव्हर लागतो

साधन ‘नवी आवृत्ती आहे’ एवढेच सांगते. ती हवी की नको, हे कामावर ठरते. फ्लेक्सच्या दुकानातील बराचसा भार कोरल-ड्रॉ आणि छपाईयंत्राला चित्र पुरवणाऱ्या रिप सॉफ्टवेअरवर असतो, आणि हे काम मुख्यतः संगणकाच्या मूळ प्रोसेसरवर चालते. तेथे नव्या ड्रायव्हरने वेग वाढण्याची अपेक्षा फोल आहे. फोटोशॉपमधील काही फिल्टर आणि पडद्यावरील सरकणे-फिरणे कार्डावर चालते, त्यामुळे फोटोशॉपच्या मोठ्या आवृत्तीबदलानंतर ड्रायव्हरही बदलावा लागू शकतो. चित्रफीत-संपादनात कार्डावरील एनव्हेंक हा स्वतंत्र भाग चित्रफीत दाबण्याचे काम करतो. लग्नाचे तासन् तास चाललेले चित्रण तयार करताना त्याचा फरक सर्वाधिक दिसतो, आणि संपादन-प्रोग्रॅमची नवी आवृत्ती जुन्या ड्रायव्हरवर एनव्हेंक नाकारण्याचे प्रकार घडतात.

विद्यार्थ्यांची गरज आणखी नेमकी असते. ब्लेंडरमधील सायकल्स प्रणाली किंवा यंत्र-शिक्षणाचे प्रयोग कुडावर चालतात, आणि कुडाच्या प्रत्येक आवृत्तीला ड्रायव्हरची किमान आवृत्ती लागते. कुडा १२.० साठी विंडोजवर ही मर्यादा ५२७.४१ आहे. येथे नवा ड्रायव्हर ही प्रवेशाचीच अट ठरते.

सीमाभागातील छपाईत एक वेगळी तक्रार वारंवार येते : कन्नड किंवा मराठी मजकुराची जोडाक्षरे तुटतात, वेलांटी किंवा कन्नडमधील खाली जोडले जाणारे अक्षर (‘ओत्तक्षर’) सरकून बसते. अशा वेळी ड्रायव्हरवर संशय घेतला जातो, पण अक्षरांची जुळणी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कक्षेत येत नाही. कोणते चिन्ह कोठे बसवायचे हे फॉन्ट आणि प्रणालीतील मजकूर-यंत्रणा ठरवते. कार्डाकडे पोचतात ते तयार आकार. श्री-लिपीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मराठी आणि नुडीच्या जुन्या फॉन्टमधील कन्नड एकाच फाइलीत युनिकोड मजकुरासोबत आले की गोंधळ होतो, आणि ड्रायव्हर कितीही वेळा बदलला तरी तो तसाच राहतो.

रंगांची बाब याच्या उलट आहे. स्थापनेच्या वेळी ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ निवडले की कंट्रोल पॅनेलमध्ये जपलेली रंगांची आणि उजळपणाची मांडणी पुसली जाते. पडद्यावरचा भगवा आणि फ्लेक्सवरचा भगवा जुळवण्यासाठी दुकानदाराने हाताने बसवलेले आकडे त्यात जातात. स्थापनेपूर्वी ते टिपून ठेवणे एवढाच यावर उपाय.

उन्हाळा आणि धूळ

मे महिन्यात कलबुर्गीचा पारा ४२-४३ अंशांवर असतो. बिदरच्या पठारावरील जांभ्याची लाल धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीत साचते. अनेक एनव्हिडिया कार्डे ८३ अंश सेल्सिअसच्या आसपास आपला वेग आपोआप उतरवतात, म्हणजे संगणक मंदावतो. मंदावलेला संगणक पाहून ड्रायव्हर बदलण्याची प्रवृत्ती सर्वत्र आहे. कारण तापमान असेल तर पंखा साफ करणे आणि चिपवरील उष्णतावाहक लेप बदलणे हाच इलाज. कामाच्या वेळी तापमान दाखवणारा प्रोग्रॅम शेजारी चालू ठेवला की दोन्ही कारणांतला फरक लगेच दिसतो.

काय खुले, काय बंद

साधन मुक्तस्रोत असले तरी त्याने आणलेला ड्रायव्हर तसा नाही. विंडोजवरील एनव्हिडियाचा ड्रायव्हर पूर्णतः कंपनीच्या मालकीचा आणि बंद आहे. हा भेद स्पष्ट ठेवणे गरजेचे आहे, कारण ‘मुक्तस्रोत अपडेटर’ हे शब्द ऐकून ड्रायव्हरही तपासता येण्याजोगा आहे असा समज सहज होतो. लिनक्सवर चित्र काही वेगळे आहे. तेथे नूव्हो हा ड्रायव्हर कंपनीच्या दस्तऐवजांशिवाय, कार्डाच्या वर्तनाचा अभ्यास करून स्वयंसेवकांनी उभा केला. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग आणि त्यापुढील पिढ्यांसाठी लिनक्स ड्रायव्हरच्या गाभ्यातील भागाचा संकेत एमआयटी आणि जीपीएल या दुहेरी परवान्याखाली खुला केला. वरचा भाग आणि कार्डावरील फर्मवेअर मात्र बंदच राहिले. म्हणजे खुलेपणा असतो तो थरांनुसार, आणि या साधनाने उघडा केलेला थर म्हणजे शोध, तुलना आणि वहन. वहनाच्या वाटेवर काही मिसळले गेले नाही एवढी खात्री त्यातून करता येते, आणि ती लहान गोष्ट नाही.

विश्वासाची साखळी

‘ड्रायव्हर अपडेटर’ या नावाखाली मिळणाऱ्या अनेक मोफत प्रोग्रॅमचा व्यवसाय जाहिराती चिकटवणे किंवा घाबरवणाऱ्या सूचना दाखवून पैसे मागणे हा आहे. त्यांचा संकेत बंद असतो आणि ड्रायव्हर कोठून येतो हे कळत नाही. टायनी एनव्हिडिया अपडेट चेकर संच निर्मात्याच्याच सर्व्हरवरून घेते, आणि हे त्याच्या मूळ संकेतात वाचता येते. त्यापुढची राखण विंडोज करते : ६४-बिट प्रणालीत गाभ्यातील ड्रायव्हरवर मान्य अंकीय स्वाक्षरी नसेल तर तो चालवला जात नाही.

ही स्वाक्षरीही अभेद्य नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये लॅप्सस नावाच्या टोळीने एनव्हिडियाची अंतर्गत माहिती चोरली; त्यात स्वाक्षरीसाठीची, पण मुदत संपलेली दोन प्रमाणपत्रेही बाहेर पडली, आणि काही दिवसांतच त्यांनी स्वाक्षरी केलेले घातक प्रोग्रॅम आढळले. म्हणून ‘स्वाक्षरी आहे’ यापलीकडे ‘फाइल कोठून आली’ हा प्रश्न उरतो. साधनही गिटहबवरील त्याच्या मूळ पानावरूनच घ्यावे लागते. मेमरी कार्डावरून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीला खुल्या संकेताचे कोणतेही संरक्षण नसते.

मर्यादा

साधन फक्त विंडोज आणि फक्त एनव्हिडियासाठी आहे. एएमडी किंवा इंटेलच्या कार्डांना त्याचा उपयोग नाही. निर्मात्याच्या ज्या सर्व्हर-सेवेवर ते अवलंबून आहे ती बाहेरच्यांसाठी करारबद्ध नाही. तिचा पत्ता किंवा उत्तराचा साचा बदलला की साधन दुरुस्त होईपर्यंत बंद पडते. असे छोटे प्रकल्प एक-दोघांच्या फावल्या वेळावर चालतात, तेव्हा दुरुस्तीला किती दिवस लागतील याची हमी नसते. काही लॅपटॉपमध्ये उत्पादकाने ड्रायव्हरमध्ये स्वतःचे फेरफार केलेले असतात, आणि तेथे सामान्य संचापेक्षा लॅपटॉप-कंपनीचा संचच निर्धोक.

बिघडलेली आवृत्ती मागे नेणे हेही या साधनाच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक’ किंवा आधी राखून ठेवलेली जुनी स्थापना-फाइल लागते. स्थापना चालू असताना वीज गेली तर ड्रायव्हर अर्धवट बसतो. पडदा कमी दर्जाच्या प्रतिमेवर येतो आणि स्थापना पुन्हा करावी लागते. भारनियमनाच्या दिवसांत यूपीएसशिवाय हे काम सुरू न करणे हाच शहाणपणा.

शेजारची साधने

डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मुक्तस्रोत साधन उलट दिशेचे काम करते : जुन्या ड्रायव्हरचे अवशेष समूळ काढते. एएमडीचे कार्ड काढून एनव्हिडियाचे बसवताना, किंवा अर्धवट स्थापनेनंतर, ते विशेष उपयोगी. एनव्ही-क्लीनस्टॉल संचातील घटक निवडण्याची अधिक बारीक सोय देते, पण ते मुक्तस्रोत नाही. स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन हे जीपीएलखालील साधन ग्राफिक्सपुरते मर्यादित नसून आवाज, जाळे, चिपसेट अशा सर्व ड्रायव्हरांचे गठ्ठे सोबत बाळगते. पूर्ण गठ्ठा दहा-वीस गिगाबाइटच्या पुढे जातो, मात्र एकदा हार्ड डिस्कवर घेतला की इंटरनेट नसलेल्या ठिकाणीही चालतो. गावोगाव फिरून संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हे साधन अधिक जवळचे. लिनक्सवर अशा वेगळ्या साधनाची गरजच बहुधा पडत नाही. प्रणालीची संच-व्यवस्था इतर सॉफ्टवेअरसोबत ड्रायव्हरही सांभाळते.

मोठ्या संगणकांवर ड्रायव्हरचे धोरण पूर्ण वेगळे असते. पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३व्या स्थानी होता आणि तो एनव्हिडियाच्याच ग्राफिक्स प्रोसेसरांवर उभा आहे. अशा केंद्रांसाठी कंपनी दीर्घकाळ टिकणाऱ्या ड्रायव्हर-शाखा देते. तीन वर्षांपर्यंत तिथे नवी वैशिष्ट्ये येत नाहीत, केवळ दुरुस्त्या येतात. फ्लेक्सच्या दुकानाची खरी गरजही तीच आहे, पण घरगुती कार्डांसाठी असा पर्याय नाही. स्टुडिओ प्रकार निवडून दोन-तीन महिन्यांनी एकदाच बदल करणे, हा त्याच्या जवळ जाणारा मार्ग.

जुन्या कार्डांचे पुढे काय

या भागातील बरेच संगणक जीटीएक्स ७५०, ९६०, १०५० टीआय, १०६० अशा मॅक्सवेल आणि पास्कल पिढीतील कार्डांवर चालतात. अनेक कार्डे हैदराबादच्या किंवा सोलापूरच्या जुन्या बाजारातून आलेली. या दोन्ही पिढ्यांसाठी नियमित गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच देण्याचे आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षा-दुरुस्त्या पुरवण्याचे एनव्हिडियाने जाहीर केले आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि या वयाच्या अनेक संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. पाठिंबा संपलेल्या कार्डावरही तपासणी करणारा प्रोग्रॅम ‘ड्रायव्हर अद्ययावत आहे’ असेच सांगेल, कारण तुलनेसाठी त्याच्याकडे नवी आवृत्ती नसेल. त्या उत्तराचा अर्थ लावण्यासाठी कार्डाची पिढी माहीत असावी लागते, आणि ती उपकरण-क्रमांकावरून आजच पाहून ठेवता येते.